हिरामणची काळी चार

वॉचमननं पेटीवर काठी टेकवली. "हे आत जाणार नाही."

हिरामणनं खांद्यावरची पेटी खाली ठेवली नाही. सातपूरहून सिटी बसमध्ये उभ्यानं आणली होती ती, बायकोच्या, चिमणाबाईच्या जुन्या लुगड्यात बांधून. कंडक्टरनं सामानाचं वेगळं तिकीट फाडलं होतं. आणि आता हा म्हणतो, आत जाणार नाही.

"पोरीला साथ मीच करतो," हिरामण म्हणाला. "साथ नाय तर ती गाईल कशी?"

"आत त्यांचा कीबोर्डवाला आहे. स्वतःचं वाद्य आणायचं नाही, बोर्डावर लिहिलंय. वाचता येतं ना?"

माणसाच्या चपलेकडं बघायचं आणि मग वाचता येतं का विचारायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. हिरामणला वाचता येत होतं. बोर्डही त्यानं वाचला होता. पण अठरा वर्षांची तृप्ती आजवर त्याच्या पेटीशिवाय एकदाही गायली नव्हती. गणपती मंडळांच्या स्पर्धा, कॉलेजचं गॅदरिंग, पंचवटीतल्या ऑर्केस्ट्राची चाचणी, सगळीकडं शेजारी मांडी घालून हिरामण. आणि सगळीकडून पोरगी एकच शेरा घेऊन परत आलेली. आवाज गोड आहे, पण दबका आहे. उघडत नाही.

"पप्पा, राहू द्या," तृप्ती म्हणाली. "मी जाते."

"सूर सांग त्याला. काळी चार. इसरू नको."

"माहितेय हो."

ती गेली. काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, तोच तिचा सा. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, "आज नाही झालं ना पप्पा, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आपल्या गाण्याच्या पार्टीतही नाही. पॅकिंगला लागते कंपनीत." ही पोरगी लहानपणापासून बोलेल ते करणारी. शाळेत एकदा गुरुजींवर रुसली तर वर्षभर त्यांच्या तासाला हजेरीचा आवाज तिनं दिला नव्हता. उभी राहायची फक्त.

ते साल दोन हजार पाच. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धांचं नुसतं पेव फुटलं होतं. चॅनेलवाले गावोगाव मांडव टाकत आणि पोरंपोरी उन्हात रांगा लावत. नाशकात त्यांनी गंगापूर रोडच्या एका कॉलेजचा हॉल घेतला होता. बाहेर थांबलेल्यांसाठी मांडवात स्पीकरचं खोकं. आत छातीवर नंबर चिकटवायचे आणि गायला लावायचं. नाव नाही, गाव नाही. बाहेर नुसता गळा ऐकू यायचा.

"बसा इथं सावलीला," वॉचमन जरा नरमून म्हणाला. त्याचं नाव केरू, इगतपुरीकडचा. "कुठली पार्टी तुमची? भजनी?"

"भीमजयंतीची," हिरामण म्हणाला.

"हां," केरू म्हणाला. त्या 'हां'मध्ये काय काय असतं ते हिरामणला चांगलं ठाऊक होतं. पण केरूनं स्वतःचं स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाला, "आमच्याकडं बी येतात. ढोलकी लय भारी असती." मग हिरामण बसला. पेटी मांडीवर घेतली.

या पेटीबद्दल सांगायला पाहिजे. तिला पट्ट्या सरकवायची सोय होती. दांडी ओढली की सगळ्या पट्ट्या एकेक घर इकडं किंवा तिकडं सरकत, म्हणजे बोटं तिथंच ठेवून सूर वर-खाली करता येई. तृप्ती दोन वर्षांची असताना येवल्याच्या कार्यक्रमाहून येताना पेटी टेम्पोतून पडली. दांडी अडकली. हिरामणनं ठोकून पाहिलं, तेल सोडून पाहिलं, मग नाद सोडला. सूर तर सगळे वाजत होते. भाता गळका झाला तेवढाच, मोठ्या ओळीनंतर क्षणभर थांबून हवा भरावी लागायची. पार्टीनं त्या पेटीला ढोलकी लावली, टाळ्या लावल्या, गळे लावले. मुख्य गायक सावळीरामला तर पडल्यापासून पेटी जास्तच मानवली. "हिरामणची काळी चार म्हणजे गादी हाय," म्हणायचा तो. त्या गादीवर सोळा वर्षं सावळीराम लोळला आणि तृप्ती मागं कोरसमध्ये वाढली. रेडिओवरच्या बाया त्याहून वर गातात हे तिला ऐकू यायचं. पण त्या रेडिओवरच्या बाया.

स्पीकरवर एकामागून एक पोरी येत होत्या. त्या वर्षी एका सिनेमातलं एक गाणं सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं, निम्म्या पोरी तेच गात होत्या. तृप्तीही तेच गाणार होती. कोणी घाबरून घाईत संपवत होती, कोणी नाकात गात होती. परीक्षक अर्ध्यावरच "थँक यू" म्हणायचा. समोरचा चहावाला प्रत्येक "थँक यू"ला गिऱ्हाइकांकडं बघून हसत होता.

मग आणखी एक आली. तेच गाणं.

पहिल्या ओळीला आवाज किंचित थरथरला. दुसऱ्या ओळीला तो उभा राहिला. तिसरीला हिरामणनं मान वर केली. असा आवाज त्यानं समोरून कधी ऐकला नव्हता. उसाचं कांडं सोलून दातात धरावं तसा कोरडा करकरीत, आणि आत रस. वर जाताना ओढून नेल्यासारखा जात नव्हता. तिथंच त्याचं घर असावं आणि आजवर तो पाहुणा म्हणून खाली राहिला असावा, तसा जात होता. चहावाल्यानं भरभरत्या स्टोव्हची हवा सोडली, ऐकू यावं म्हणून. केरू काठी धरून नुसता उभा राहिला. रांगेतल्या पोरींची कुजबूज आपोआप बसली.

हिरामणला आनंद झाला नाही, त्याला भीती वाटली. या पोरीपुढं आपल्या तृप्तीचं काय होणार? "कुणाची पोरगी असेल ही?" तो केरूला म्हणाला. "हिच्या घरी कुणीतरी उस्ताद असणार."

"मोठ्या घरची असती अशी," केरू म्हणाला.

अंतरा आला. मोठी ओळ आली. ओळ संपली आणि ती पोरगी थांबली. एका श्वासापुरती. त्या गाण्यात तिथं थांबा नव्हता. त्या दिवशी गायलेल्या एकाही पोरीनं तिथं थांबा घेतला नव्हता. तिथं थांबणारी जगात एकच पेटी होती, आणि ती लुगड्यात गुंडाळून हिरामणच्या मांडीवर होती.

भाता भरायची जागा होती ती.

हिरामण स्पीकरकडं वळला. त्यानं लुगड्याची गाठ सोडली, भाता थोडा दाबला आणि काळी चार हळूच धरली. स्पीकरवरचा सूर वर, त्याचा खाली. दोन घरं खाली. त्यानं पुन्हा धरली. पुन्हा तेच. वर आत त्याची पोरगी गात होती आणि खाली त्याच्या मांडीवर, चांगला दोन घरं खाली, तिचा सोळा वर्षांचा आवाज वाजत होता.

"काय झालं हो?" केरूनं विचारलं.

"माझी हाय," हिरामण म्हणाला. केरूला वाटलं, पेटीबद्दल बोलतोय.

गाणं पुरं झालं. "थँक यू" आलं नाही. थोड्या वेळानं परीक्षकाचा आवाज आला. "बेटा, मध्येच थांबलीस का? तिथं थांबा नाहीये."

"तिथं भाता भरतात, सर."

"कोण भरतं?"

"पप्पा. आमच्या पेटीचा भाता गळका आहे. मी तशीच शिकले."

आत हशा झाला. हिरामणला तो टोचला नाही, एरवी टोचला असता.

"आणि ही पट्टी कोणी ठरवून दिली तुला?"

"पप्पांनीच. काळी चार."

"वा. बरोबर ओळखलाय त्यांनी तुझा गळा. दुपारी दुसरं गाणं गायचं. आणि थांबायचं नाही."

हिरामणनं पेटीवर लुगडं ओढलं. कौतुक असं उघड्यावर, भलत्याच्या नावानं होतं कधीकधी.

जेवणाच्या सुट्टीत तृप्ती बाहेर आली. चिमणाबाईनं बांधून दिलेली भाकरी तिनं हातात धरली आणि तशीच बसून राहिली.

"पप्पा, माझा नव्हता तो आवाज," ती म्हणाली. "मला कळेचना कुठून येतोय. वाटलं, आता फुटणार, आता फुटणार. त्यांची पेटी वर लावलेली आहे. दुपारी खाली घ्यायला सांगते. किती खाली सांगू?"

काळी तीन. दोन शब्द. ते सांगितले की पोरगी घरच्या गादीवर, कारण कीबोर्डवरची काळी तीन म्हणजेच आपल्या पेटीची काळी चार. आवाज फुटायची भीती नाही. गोड आणि दबका. आणि फुटला तर? सगळ्या मांडवासमोर फुटला, तर ही पोरगी तोंड मिटेल ते कायमचं. हिरामणनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच खाली ठेवला.

"इकडं ये," तो म्हणाला. लुगडं बाजूला सारून त्यानं काळी चार धरली. "हे आपलं. आता तिथलं आठव."

तृप्तीनं ऐकलं. ओठ न उघडता आतल्या आत दुसरा सूर धरून पाहिला. कपाळावर आठी आली.

"त्यांची वर नाय," हिरामण म्हणाला. "आपली खाली बसलीय. तू दोन वर्षांची होतीस तवापास्नं."

तिनं अडकलेल्या दांडीवरून बोट फिरवलं. "आणि सावळीराममामा सगळ्यांना सांगत फिरायचे, हिचा गळाच दबका."

"त्याला सोयीचं होतं."

"तुम्हाला कळलं नाही?"

"दुसरी पेटी जवळ कधी होती का गं लावून बघायला?" तो म्हणाला. मग भाता मिटवत, "नाय कळलं."

"मग काय सांगू आता?"

"काळी चार."

"फुटला तर, पप्पा?"

"फुटू दे की. तुझा हाय, दुसऱ्याचा थोडाच हाय."

तिनं भाकरी खाल्ली. अर्धी केरूला दिली. तो नको म्हणाला नाही.

संध्याकाळी मुंबईला जाणाऱ्यांत तिचं नाव आलं, हे सातपूरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. लोक तेच सांगतात. हिरामणला विचारा, तो दुपारचं सांगतो.

दुपारी स्पीकरवर तिचा आवाज आला, "सर, मी आमचं गाणं म्हणू?"

"आमचं म्हणजे?"

"जयंतीचं. बाबासाहेबांचं."

स्पीकर गप्प झाला. ज्या शांततेत लोक मनातल्या मनात आडनाव विचारतात, ती शांतता. खोक्यातूनही ती ओळखू येते. मग परीक्षक म्हणाला, "म्हण."

"कीबोर्डवर हे नाही हां माझ्याकडे," कीबोर्डवाला म्हणाला.

"नुसती काळी चार धरून ठेवा."

तिनं सुरुवात केली. हे गाणं हिरामणनं बांधलेलं, सावळीराम गायचा, ती मागं ओढायची. सोळा वर्षं ऐकलेलं गाणं, आणि हिरामणला ते नवं होतं. जिथं सावळीराम हात हलवून वेळ मारून न्यायचा तिथं ती सरळ उभी चढली. मांडवातला एक म्हातारा डोक्यावरची टोपी काढून बसला. केरूनं स्टूल हिरामणकडं ढकललं, त्यावर हिरामणनं पेटी ठेवली आणि स्वतः उभाच राहिला, एक हात भात्यावर. बोटं सवयीनं ओळ मोजत होती.

मोठी ओळ आली. हिरामणनं भाता भरला.

ती थांबली नाही. जिथं सोळा वर्षं त्यानं हवा भरली होती तिथून ती तशीच वर निघून गेली, त्याच्या हवेशिवाय. भात्यातली भरलेली हवा हाताखाली हळूहळू सुटत राहिली, आणि तो तोंड किंचित उघडं ठेवून त्या खोक्याकडं बघत राहिला, लहान पोर पतंगाकडं बघतं तसा.