आधी विसरा, मग शिका

चिनी शिकायला निघालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: आधी नीट ऐका, मग तोंड उघडा. माझा सल्ला उलटा आहे. आधी बोला. खुशाल वेडंवाकडं बोला. कुणी हसलं तर हसू द्या, दात त्यांचे दिसतील.

हे मी, हलीमे, सांगतेय. चू नदीकाठच्या दुंगान गावातली, लसूण पिकवणारी बाई. आम्ही दुंगान म्हणजे मूळचे चिनी मुसलमान. आमचे पणजे चीनमधून, शियानच्या बाजूने, डोंगर ओलांडून इकडे किरगीझ मुलखात आले ते भाषा घेऊन आले. अक्षरं मात्र त्यांना येत नव्हती, म्हणून आम्ही आजही आमचं बोलणं रशियन अक्षरांत लिहितो. लिहायचं सोडा, पण बोलायला मला कुणी शिकवावं अशी वेळ कधी आली नव्हती. तरी या वयात मी जवळच्या तोकमोक शहरात जाऊन नवशिक्यांच्या वर्गात बसले. लेकीमुळे.

माझी राबिया त्याच शियानला शिकायला गेली आणि तिथल्याच, आपल्याच धर्माच्या मुलाशी लग्न करून राहिली. साथीचे दिवस, सरहद्द बंद. लग्न मी फोनवर पाहिलं. मग आमच्या ह्यांचं आजारपण निघालं आणि त्यातच ते गेले. नातू नानान चार वर्षांचा झाला, पण मी अजून त्याला मांडीवर घेतलेलं नाही. या हिवाळ्यात राबिया म्हणाली, उन्हाळ्यात त्याला तुझ्याकडे आणते. माझा आनंद पोटात मावेना. तेवढ्यात तिने अट घातली.

"आई, त्याआधी नीट चिनी शिकून घे. त्याला चांगल्या शाळेत घालायचंय, तिथे मुलाखत असते. आपलं गावठी बोलणं त्याच्या तोंडात बसलं तर संपलंच. तोवर त्याच्याशी जपून बोल."

नीट चिनी म्हणे. जणू मी तिला भुंकायला शिकवलं होतं. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! पण नातू हवा होता, म्हणून मूग गिळले आणि वर्गात नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या छ्याओ बाई जेमतेम पंचविशीच्या, चीनमधून आलेल्या, स्वभावाने गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, पाटी कोरी ठेवा, घरी जे बोलता ते चपलांसारखं दाराबाहेर काढून या. बाकीच्यांचं ठीक होतं, त्यांच्या पाट्या कोऱ्याच होत्या. माझ्या शेजारी एर्मेक नावाचा किरगीझ पोरगा बसायचा, बाजारात फोनची कव्हरं विकणारा. त्याने काहीही बरळलं तरी बाई म्हणायच्या, शाब्बास. मी तोंड उघडलं की म्हणायच्या, चूक, परत म्हणा. सूर चूक, शब्द जुनाट, हे आता कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही? मी म्हणतेय ना!

मधल्या सुट्टीत एर्मेक हळूच मला विचारायचा, भाव कमी करा कसं म्हणायचं. मी माझ्या पद्धतीने सांगायचे. तो जाऊन चिनी व्यापाऱ्यांशी घासाघीस करून यायचा, वर मला खजूर आणून द्यायचा. वर्गात चूक ठरलेलं बाजारात चालत होतं, पण हे बाईंना सांगणार कोण?

दर रविवारी फोनवर मी नानानला पाठ केलेली वाक्यं म्हणून दाखवायचे. तू कसा आहेस, आज हवा छान आहे, तुझा आवडता प्राणी कोणता. पोर पोलिसाला द्यावीत तशी उत्तरं द्यायचं आणि पळून जायचं. मागे कधीतरी विहीणबाई दिसायच्या. विहीणबाई म्हणजे जावयाची आई, नवरा गेल्यावर शियानजवळच्या खेड्यातून लेकाकडे राहायला आलेल्या. नुसती मान हलवायच्या, शब्द नाही. मला वाटायचं, खेड्यातून आलेली बाई, हिला एवढा कसला तोरा?

मग एका रविवारी नानान रडतच फोनवर आला. गुडघा फुटला होता. राबिया औषध शोधायला आत गेली. रडणाऱ्या पोराला काय म्हणायचं ते आमच्या पुस्तकात नव्हतं. हवा छान आहे म्हणू? मी फोन पिठाच्या डब्याला टेकवला, दोन्ही हात पुढे केले आणि पीठ चाळायचा खेळ सुरू केला. आमच्यात पोराला मांडीवर समोर बसवतात, त्याचे हात धरून चाळणीसारखं मागेपुढे हलवतात आणि गाणं म्हणतात. शेवटच्या ओळीला पोटात गुदगुल्या. पहिली ओळ मी म्हटली, माझ्या आईच्या सुरात.

दुसरी ओळ त्यांच्या स्वयंपाकघरातून आली.

तेच शब्द, तोच सूर. विहीणबाई हात पुसत धावत आल्या आणि खाली बसल्या. आणि तिसरी ओळ? ती नानानने म्हटली. म्हटली, आणि घाबरून आतल्या दाराकडे पाहिलं. "आजी, हळू. आई ऐकेल."

म्हणजे हा खेळ त्या घरात रोज चालत होता, चोरून. माझ्या विहिणीच्या तोंडालाही माझ्यासारखंच कुलूप घातलं होतं. तोरा कसला, बिचारी धाकात होती. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि रागही आला.

राबिया औषधाची बाटली घेऊन दारात उभी होती. "आई, काय ठरलं होतं आपलं?"

"ठरवलं तू होतंस. लहानपणी ताप चढला की तू याच बोलण्यात रडायचीस, आणि कुठे दुखतंय ते मला कळायचं. त्याला आण नाहीतर नको आणूस. मी त्याच्याशी माझंच बोलणार."

बोलून तर गेले. हातचा नातू मी स्वतःच घालवला होता. तेवढ्यात विहीणबाई बोलल्या. पहिल्यांदाच माझ्याशी सरळ.

"तिला जमत नसेल तर मी आणते त्याला. मलाही जरा मोकळेपणी बोलायचंय."

"मुलाखतीत तो असं बोलला आणि शाळा हुकली तर?" राबिया म्हणाली.

"हुकू दे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. नानान इतका हसला की गुडघा विसरला. राबिया काही हसली नाही. औषध लावून आत निघून गेली. पण नाही म्हणाली नाही.

वर्ग मी सोडलेला नाही. अक्षरं हवीत मला, नातवाची पुस्तकं वाचायची आहेत. फक्त आता पहिल्या बाकावर बसते. बाई चूक म्हणाल्या की सांगते, तुमचं फळ्यावर लिहा, मी उतरवून घेते, पण माझं पुसू नका. परवा त्यांनी पहिल्यांदाच डस्टर खाली ठेवलं.

नानान आणि विहीणबाई जूनमध्ये येतायत. मांडी घालून बसता यावं म्हणून मी आतापासून गुडघ्यांना तेल चोळतेय.