श्रीहरीच्या गृहपाठातली चूक

"विद्यार्थ्याचा संशय आला तर आधी त्याला फळ्यापाशी उभा कर मा, तक्रार मागनं लिही," सेतुमाधव सर म्हणाले होते. सर तंजावरकडचे मराठी. प्रगत घनयांत्रिकी हा विषय निवृत्त होताना त्यांनी माझ्याकडे सोपवला. मी नुसती हसले. घरी दहा महिन्यांची गोदा, एकेकाला फळ्यापाशी कधी उभा करू?

संशोधन करणारे नऊ जण वर्गात. या विषयात नापास झालं की पीएचडीची नोंदणी गेली.

त्यातला श्रीहरी एकदा वेलचेरीला माझ्या घरी गृहपाठांचा गठ्ठा द्यायला आला. गोदाला झोपवून बाहेर आले, तर हा माझ्या कपाटासमोर. दार किलकिलं.

"किती जुनी पुस्तकं, मॅडम!"

गोदाला कुणी घेतलं तर मी आधी त्याची नखं बघते. मग कपाटाचं दार लावायला कशी विसरेन?

पुढच्या आठवड्याच्या गठ्ठ्यात त्याचा गृहपाठ होता. प्रदिश, म्हणजे टेन्सर, मांडताना कातर विकृती, म्हणजे शिअर स्ट्रेन, निम्मी घ्यायची असते. त्याने पूर्ण घेतली होती. विद्यार्थिनी असताना मी नेमकी तिथेच चुकले होते, आणि ती वही त्याच कपाटात होती. बाकी आठ जणांची उत्तरं बरोबर.

त्याला फोन केला. "कुठून उतरवलंस?"

"सीनियरच्या नोट्स आहेत, मॅडम. सगळ्यांकडे असतात."

"मग चुकलास तू एकटाच कसा?"

तो गप्प. गप्प म्हणजे चोर, असं मी ठरवलं. विभागप्रमुखांना पत्र दिलं, गुरुवारी त्याला वर्गात येणं बंद झालं.

सोमवारी तेच गणित मी वर्गातल्या शरण्याला फळ्यावर मांडायला सांगितलं. तीही तिथेच चुकली.

"हे कुठून आणलंस?"

तिने बाइंड केलेली झेरॉक्स पुढे केली. पहिल्या पानावर माझं माहेरचं नाव. वही मीच कधीतरी माझ्या ज्युनियरला, सहानाला झेरॉक्स काढायला दिली होती. गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याने एक प्रत ठेवून घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक बॅच ती विकत घेते.

"मग गृहपाठात तुझं बरोबर कसं आलं?"

"उत्तर पुस्तकातून टाकलं, मॅडम. मधल्या पायऱ्या कोण लिहितं? श्रीहरी लिहितो. येडा आहे तो."

पत्र मी त्याच तासाला मागे घेतलं. पण त्याचा फोन गुरुवारपासून बंद आहे. हॉस्टेलच्या खोलीला कुलूप. अंबत्तूरला त्याच्या घरी फोन लावला, तर त्याच्या आई, कनकाबाई, म्हणाल्या, "कॉलेजातच आहे ना तो? जेवतो ना वेळेवर?" मी "हो" म्हणून बसले.

शनिवारी कुणीतरी त्याला एग्मोर स्टेशनबाहेर पाहिलं. पोलिसांत कळवून आलेय. तरी तुमचं कुणी त्या बाजूला राहत असेल तर तिथल्या लॉजमध्ये विचारा. उंच, चष्मा, निळी सॅक. दिसला तर एकटा सोडू नका. सांगा, नोंदणी शाबूत आहे, चूक मॅडमची होती. आणि मला कळवा.