भूषणच्या नावाची सव्वा मूठ

मी एक जुनं जातं आहे. धुळ्याजवळच्या एका गावात, कोकिळाबाईंच्या पडवीत माझं ठाणं. छिन्नीने टाकी लावणाऱ्या पाथरवटाने माझ्या अंगावर असे काही दात पाडले, की पहिल्याच दळणाला बाया म्हणाल्या, पीठ कसं रेशमासारखं पडतंय! पुढे गावात गिरणी आली आणि माझ्यावर घरातली चपलांची पिशवी ठेवू लागले. एवढा अपमान! मात्र श्रावणात आमच्या खानदेशाची देवी कानबाई घरात बसायची म्हटली, की माझ्यावाचून कुणाचं चालत नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचा, तो घरच्या जात्यावर दळायचा आणि त्याचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांनीच खायचे. परक्याला तुकडाही द्यायचा नाही.

कोकिळाबाईंचा भूषण परदेशात क्रेन चालवायला गेला होता. त्या देशात हुकूमशाही. होळीनंतर तिथल्या सरकारने रस्त्यावर जमलेल्या पोरांवर गोळ्या झाडल्या. त्याच आठवड्यात भूषणच्या सोबत्याचा फोन आला: पोलिसांनी भूषणला उचललंय, कुठे ठेवलंय कुणी सांगत नाही. गाव कुजबुजू लागलं, काहीतरी केलं असेल त्याने. मित्रांनो, ज्याने रांगताना माझ्याजवळ दूध सांडलं, त्या पोराबद्दल हे ऐकून मी दगड असूनही हादरलो.

कोकिळाबाई माझ्या खुंट्याला मोबाईल टेकवून बातम्या ऐकत. कुण्या देशाने निषेध केला, कुण्या देशाने आपला राजदूत माघारी बोलावला. जगाच्या मोठ्या सभेत ठराव झाला आणि तीव्र चिंता व्यक्त झाली. निषेध करणाऱ्या एका देशाने त्याच महिन्यात त्या सरकारला बंदुका विकल्या, हेही मी ऐकलं. माझा विश्वासच बसेना.

"चिंता तं मी बी करस," कोकिळाबाई म्हणाल्या. "तिनाघाई तुरुंगनं दार उघडस का?"

श्रावण आला. गहू मोजायला भाऊबंद जमले. सगळ्यांत वडील अभिमन आबा. भूषणचं नाव आलं तसे ते अडखळले.

"कोकिळा, यंदा भूषणनी मूठ राहू दे. जित्ता शे का नही, कोनले माहीत?"

जिवंत माणसाला मोजणीतून वगळायचं? कोकिळाबाईंनी सुपात हात घातला.

"मना पोऱ्यानी मूठ मी टाकसू, आबा."

टाकली. ते गहू दळताना त्या रडत होत्या आणि मला माझा घरघराट नकोसा झाला होता.

कानबाईचं विसर्जन झालं. सगळे रोट खायला बसले, तोच दारात एक परकी मुलगी आली. धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात शिकणारी, भूषण गेला त्याच देशातली. तुटक्या हिंदीत म्हणाली, "मेरे भाई को गोली लगी थी। सब भाग गए। भूषण ने उसे पीठ पर उठाया, अस्पताल ले गया। वहीं गेट पर उसे पकड़ लिया। भाई अब तक छुपा था। कल फोन पर बोला, भूषण ने रास्ते में गाँव का नाम बताया था, उसकी माँ को ढूँढो, बताओ।"

म्हणजे हा त्याचा गुन्हा! कुणाच्या हातातला घास तोंडात गेला नाही.

कोकिळाबाईंनी भूषणच्या वाट्याचा रोट तिच्यापुढे ठेवला. आबा दचकले. "रोट परकाले देतस नही."

"मना पोऱ्यानी इन्हा भाऊले पाठवर लिधं. हाई परकी कशी?"

आबांनी आपल्या ताटातलं तूप तिच्या रोटावर वाढलं.

"कोकिळा, पुढला साल भूषणनी मूठ आधी टाकजो," ते म्हणाले. "आनी एक मूठ जास्तनी. हिना भाऊनी."

मित्रांनो, भूषण अजून आलेला नाही. माझ्यावर पुन्हा चपलांची पिशवी आली आहे. तिचं मला काही वाटत नाही. मला अडगळीत टाका, माझे दात बोथट होऊ द्या. पण मोजायला बसाल तेव्हा कुणाची मूठ वगळू नका.