दाराचे दोन ठोके

तमाराने आयलीच्या कानांवर हेडफोन चढवले, परत काढले, तिच्या केसांतली पिन बाजूला सरकवली आणि पुन्हा चढवले.

“बाई, मान हलवू नका. वायर तोकडी आहे.”

“मान कुठे हलवतेय? तू आधी तो कॉफीचा मग यंत्रापासून लांब ठेव.”

तमाराने मग उचलून खिडकीत ठेवला. ती गावच्या पोस्टात होती, पन्नाशीला टेकलेली. लहानपणी चार वर्षं आयलीकडे पियानो शिकली होती. पियानो आला नाही, पण ‘बाई’ म्हणायची सवय राहिली.

“लावू?”

आयलीने मान हलवली, मग आठवून थांबवली.

खेळ बर्फावरच्या हॉकीचा होता, कंप्युटरवरचा, वीस वर्षांपूर्वीचा. बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती, पण हौशी लोकांनी त्याला मरू दिलं नव्हतं. ते खेळाचं पोट उघडायचे, मोठ्या शहरांचे संघ काढायचे आणि आपापल्या गावांचे बसवायचे. अशा फेरफाराला मॉड म्हणतात हे आयलीला आता पाठ झालं होतं. दोन हिवाळे खपून तमाराने त्यात आपल्या केटल लेक गावची जुनी रिंक, बर्फाच्या मैदानाची इमारत, उभी केली होती. लाकडी बाकं, कागद गिरणीच्या पाट्या, गळक्या छपराखाली टांगलेली बादलीसुद्धा. खरी रिंक पंधरा वर्षांपूर्वी बर्फाच्या ओझ्याखाली बसली. त्या जागी आता गाड्या लावतात.

राहिलं होतं ते संगीत. मूळ खेळात गिटार होत्या आणि त्यांच्यावर ओरडणारी माणसं. ते सगळं काढून तिथे आयलीचा ऑर्गन घालायचा होता. अडुसष्ट ते एक्क्याण्णव, तेवीस हिवाळे गावच्या ‘लून्स’ संघाच्या प्रत्येक सामन्याला आयली कोस्केला ऑर्गनवर असायची, आपला गोल झाला की धून वाजवायला. रेडिओवर सामने सांगणाऱ्या माणसाच्या विधवेला तळघरात पंच्याऐंशी सालच्या एका सामन्याची टेप सापडली होती. तमाराने ती कंप्युटरवर उतरवून घेतली, स्वच्छ केली. शनिवारी गावच्या कर्लिंग क्लबाच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायचं ठरलं होतं.

हेडफोनमध्ये आधी नुसती खरखर आली. मग माणसं आली, शेकडो, एकाच वेळी श्वास घेणारी. आयलीचे हात आपसूक टेबलावरच्या मेणकापडावर आले. बोटं वाकडी झाली होती, पण जागा विसरली नव्हती. गर्दी ओरडली, ऑर्गन वाजला, आणि आयलीची बोटं त्यानंतर खाली आली.

उशिरा.

तिने भुवया आवळल्या. पुढच्या गोलला ती सावरून बसली. पुन्हा उशीर. तिसऱ्या वेळी तिने घाई केली आणि बोटं आधीच पडली. तो गोल नव्हताच, गोलरक्षकाने पक, ती रबरी चकती, अडवली होती.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“तू यात काय केलंस?”

“काही नाही. आवाज साफ केला फक्त.”

“मी अशी वाजवत नव्हते. हे कुणी दुसरंच वाजवतंय. मी कधी उशिरा आले नाही, तमारा. तेवीस वर्षांत नाही.”

“तुम्ही उशिरा नाहीच आहात त्यात. बरोब्बर आहात. उशीर तुमचा आत्ता होतोय.”

असं तोंडावर बोलायची पोस्टातल्या माणसांना सवय असते. आयलीने बशीतल्या पुल्लाचा, त्या वेलचीच्या गोड पावाचा, एक तुकडा मोडला, खाल्ला नाही.

“हे असंच राहणार असेल तर मला त्यात घालू नकोस. गिटार राहू देत.”

“बाई!”

“माझं नाव त्यात असणार ना? मग माझं वाजवणं माझ्यासारखं असलं पाहिजे.”

तमाराने खालचा ओठ चावला. लहानपणी चुकीची पट्टी दाबल्यावर चावायची तसा.

*

ही गोष्ट आयलीसाठी साधी नव्हती. शहात्तर साली गिरणीने रिंकला नवं घड्याळ भेट दिलं, चारी बाजूंनी आकडे दाखवणारं, छोट्या ट्रकएवढं. ते टांगल्यावर ऑर्गनच्या माचीवरून दक्षिणेकडचा गोल दिसेनासा झाला. तरीही लून्सनी तिकडे गोल केला की ऑर्गन त्याच क्षणी वाजायचा. समोरच्या संघाने केला तर गप्प. नुसता हुकला तरी गप्प. लोक अचंबा करायचे. पेपरवाल्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “बघावं लागत नाही. बर्फ सांगतो.” ते कात्रण फ्रेम करून अजून जिन्यात लावलेलं होतं. नवरा गेला, गिरणी बंद झाली, रिंक बसली. जिन्यातून चढता-उतरता तेवढं एक वाक्य तिच्याकडे बघायचं.

एक्क्याण्णव सालच्या नोव्हेंबरात संघाच्या समितीने ऑर्गन बंद करून टेप वाजवायचं ठरवलं. समितीत पाच माणसं. दोन इकडे, दोन तिकडे. पाचवा हात अर्मां थिबोचा. तो वर गेला, टेपच्या बाजूने. आयली समोरच बसली होती.

अर्मां तिच्या नवऱ्याचा मित्र. शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी एक. त्या मतदानाच्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. दोन हजार वस्तीच्या गावात एखाद्याशी तेहतीस वर्षं न बोलणं म्हणजे सोपं काम नव्हे. त्याला नियोजन लागतं. अर्मां गुरुवारी वाणसामान आणतो हे तिला ठाऊक होतं. ती मंगळवारी जायची.

*

“मी आवाज गाळणारी एक चाळणी काढून टाकली,” दुसऱ्या दिवशी दुपारी तमारा म्हणाली. “टेपवर धडधड येत होती, कुणीतरी फळी बडवल्यासारखी. खराब वाटत होती म्हणून मी ती पुसली होती. आता परत घातलीये. ऐका.”

आयलीने हात मेणकापडावर ठेवले.

खरखर. माणसं. मग धड्-धड्, आणि तिची बोटं खाली गेली. त्याच क्षणी कानात ऑर्गन घुमला.

ती हसली नाही. पुढच्या गोलची वाट पाहिली. धड्-धड्. बोटं. ऑर्गन. गर्दी मध्ये दोनदा खच्चून ओरडली, पण धडधड नव्हती. बोटं जागची हलली नाहीत, ऑर्गनही गप्प. दाखवायचं तसं काही राहिलं नव्हतं, तरी तमाराने पडदा तिच्याकडे वळवला. आवाजाच्या रेघेवर दोन बारीक काटे होते आणि त्यांना लागून ऑर्गनची टेकडी. चार गोल, चार जोड्या काटे. काट्यांवाचून टेकडी कुठेच नव्हती.

“मला वाटलं होतं कुणी प्रेक्षक असेल,” तमारा म्हणाली. “पण प्रेक्षक असा मोजून मारत नाही. आणि मायक्रोफोन पेनल्टीच्या कठड्याला बांधलेला होता. म्हणजे जो कुणी आहे तो तिथलाच. चुकलेल्या खेळाडूंना आत-बाहेर सोडायला दारावर कोण असायचं?”

आयलीने हेडफोनची वायर नीट गुंडाळली. मग उलगडली आणि परत गुंडाळली.

“बाई? कोण असायचं?”

“तुला माहीत नसेल,” आयली म्हणाली. “तू लहान होतीस.”

*

ती गुरुवारी दुकानात गेली. अर्मां डबाबंद मटाराच्या फळीसमोर काठी टेकून उभा होता. त्र्याऐंशीचा, अजून उंच. तिला बघून त्याने ढकलगाडी बाजूला घेतली, नेहमीसारखी, तिला जायला वाट द्यायला.

“संध्याकाळी घरी असशील?” आयलीने विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“मी अजून कुठे जाणार?”

पाच वाजता ती बटर टार्टचा डबा घेऊन त्याच्या दारात गेली. त्याच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या; एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. त्याने तो खाली ठेवला. बसताना उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे ठेवला.

“लाथा तू मारत होतास,” आयली म्हणाली.

“कसल्या?”

“पेनल्टीच्या दाराला. टेप सापडलीय.”

अर्मांने डबा उघडला, आत पाहिलं.

“ते होय. त्या मूर्ख घड्याळामुळे. पहिल्याच सामन्यात तू बगळ्यासारखी मान लांब करत होतीस. म्हटलं, बाईची मान मोडेल.”

“पंधरा वर्षं?”

“हिवाळ्यांतच फक्त.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगणारच होतो. तेवढ्यात तू पेपरात बर्फाचं बोलून बसलीस.” त्याने खांदे उडवले. “अख्ख्या गावाने वाचलं. माझ्या आईने कापून ठेवलं. मग मी काय सांगू, बर्फ नाही गं, माझा बूट?”

आयलीला हसू यायला हवं होतं. ते आलंही, अर्धं. मग तिथेच थांबलं, कारण जी गोष्ट ती विचारायला आली होती ती अजून विचारून झालेली नव्हती.

“मग हात का वर केलास?”

अर्मांने एक टार्ट उचलला आणि बशीत ठेवला. बाहेर कुणीतरी अंगणातला बर्फ ओढत होतं, फावडं काँक्रीटला घासत होतं.

“त्या सप्टेंबरात मी गिरणीच्या शिडीवरून पडलो,” तो म्हणाला. “गुडघा गेला. दार त्या पोलसनच्या पोराला दिलं. त्याला मी सांगून पाहिलं, आपला गोल झाला की दोन लाथा घाल. तो म्हणाला, कशाला? दोन सामने घातल्या, मग विसरला.”

एक्क्याण्णव सालचा ऑक्टोबर आयलीला चांगला आठवत होता. ती तो कायम एकाच तऱ्हेने सांगत आली होती: ऑर्गनचा अँप्लिफायर बिघडलेला, आवाज मागे पडतोय, दुरुस्तीला माणूस येत नाही. आणि तो एक सामना, समोरच्या संघाचा गोल झाला आणि तिने पूर्ण जोशात विजयाची धून वाजवली. लोक हसले. आधी तिच्या खालच्या रांगा, मग पलीकडच्या, मग समोरच्या संघाचे खेळाडू. त्यांच्यातल्या एकाने माचीकडे बघून हेल्मेटसकट कमरेत वाकून नमस्कार केला होता. तेही तिने अँप्लिफायरच्या नावावर टाकलं होतं.

“त्या हिवाळ्यात पुढे अजून सव्वीस सामने होते,” अर्मां म्हणाला. “सव्वीस वेळा त्यांना हसू द्यायचं?”

फावड्याचा आवाज थांबला.

“यात तू मनुके घातलेस,” तो टार्ट दोन बोटांनी उघडून बघत म्हणाला.

“बटर टार्टमध्ये मनुके असतातच.”

“माझ्या घरात नसतात. तुला माहीत होतं हे.”

“होतं,” आयली म्हणाली. “विसरले.”

त्याने मनुके एकेक करून बशीच्या कडेला काढले आणि टार्ट खाल्ला. ती निघाली तेव्हा तो उठायला लागला; तिने हातानेच बस म्हटलं.

घरी येऊन तिने तमाराला फोन केला.

“ते ठोके राहू देत. पुसू नकोस.”

“मलाही तेच वाटलं. म्हणजे तुम्ही खेळात असणार ना?”

“असणार.” ती जिन्यातल्या फ्रेमसमोर उभी होती. “आणि नावांच्या यादीत अजून एक नाव घाल. दारवान म्हणून.”

*

शनिवारी दुपारी कर्लिंग क्लबात वीस-बावीस माणसं जमली. बहुतेक पांढऱ्या केसांची, काही जुन्या निळ्या जर्सी पोटावर ताणून आलेली. तमाराने भिंतीवर मोठा पडदा लावला होता. पडद्यावर दिवे लागले, बाकं दिसली, आणि एक जण मोठ्याने म्हणाला, “अरे, ती बादली!” मग बराच वेळ कुणालाही बादलीशिवाय काही दिसेना.

अर्मां भिंतीकडेच्या टेबलाशी बसला होता, उजवा पाय लांब करून. आयली आली. तिने टेबलावर बिनमनुक्यांच्या टार्टचा एक लहान डबा ठेवला आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढली.

“तिथून पडद्याकडे पाठ होईल,” अर्मां म्हणाला. “इकडे बस की.”

“इथे ठीक आहे.”

ती बसली. कोट काढला नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

तिच्या पाठीमागे खेळ सुरू झाला. पक फळ्यांवर आपटण्याचे आवाज आले, लोकांनी खुर्च्या सरकवल्या. कुणी शिवी दिली, कुणी हुकलेल्या फटक्यावर हळहळलं. एकदा सगळेच ओरडले. आयलीचे हात हलले नाहीत. ती अर्मांकडे पाहत होती; तो तिच्या खांद्यावरून पडद्याकडे.

मग टेबलाखाली त्याच्या डाव्या बुटाची टाच लाकडी जमिनीवर दोनदा पडली.

आयलीची बोटं टेबलावर उतरली. स्पीकरमधून धडधड आली, ऑर्गन आला, आणि क्लबातली माणसं उभी राहिली.

त्या गलक्यातून तमारा वाट काढत त्यांच्या टेबलापाशी आली. तिच्या कपाळाला आठी होती.

“बाई, तुमचे हात आधी पडले. आवाज मागे पडतोय का? अर्धा सेकंद पुढे घेऊ?”

“नको,” आयली म्हणाली. “आहे तिथेच राहू दे.”