ओढ्याकाठी दहा मिनिटे

मित्रांनो, शुक्रवार पेठेतल्या एका घराच्या दारामागे मी उभी असते. मी वेळूची जुनी काठी. उंचीने तुमच्या खांद्याएवढी, अंगाने भरीव, रंगाने आता मधासारखी. टोपल्या विणणाऱ्या कुंडलिकमामांनी मला भाऱ्यातून वेगळी काढली, आचेवर शेकून सरळ केली, करडईचे तेल पाजले आणि खालच्या टोकाला लोखंडी शेंबी ठोकली.

मला विकत घेतले मुकुंदरावांनी. सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत ते कारकून होते. वर्षभर फायलींत मान घालून बसणारे मुकुंदराव श्रावण आला की बदलून जात. सात-आठ सोबती जमवून ते बालाघाटच्या डोंगरात पायी फेरी काढत. डोंगराच्या पायथ्याच्या देवळापासून निघायचे, ओढ्याच्या कडेने रानात शिरायचे, आधी धाकटा धबधबा, मग थोरला, आणि डोंगराला वळसा घालून शेवटी तोच ओढा ओलांडून पुन्हा देवळाशी. मी सगळ्यांत पुढे असे. काटेरी फांदी बाजूला सारावी, शेवाळलेला दगड चाचपावा, दमलेल्याला चढावर ओढून घ्यावे. "या काठीनं मला कधी पडू दिलं नाही," असे मुकुंदराव म्हणत, तेव्हा मी मनात फुलून जाई.

फेरीचा डबा भरून देत त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई. कडक भाकरी, शेंगाची चटणी, घट्ट दही. त्या स्वतः मात्र कधी आल्या नाहीत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यांना एकटे कसे सोडायचे?

वीस वर्षे अशी गेली. मग लेकीने, उत्कर्षाने, पुण्याहून घडीची चकचकीत काठी आणली आणि मी बाल्कनीत गेले. माझ्यावर ओली फडकी वाळू लागली. शेंबी गंजली. दोन श्रावण मी तिथूनच ढग पाहिले.

तिसऱ्या वर्षी सासूबाई नव्हत्या. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "यंदा मी पण येणार." त्यांनी मला पुसले, तेल लावले आणि बरोबर घेतले.

मित्रांनो, तो दिवस किती छान उजाडला होता! धाकट्या धबधब्याखाली रुक्मिणीबाईंनी पदर खोचला आणि लहान मुलीसारखे तोंडावर पाणी घेतले. थोरल्यापाशी तर त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. दुपारी आम्ही शेवटी ओलांडायच्या ओढ्याशी आलो. पलीकडे देऊळ दिसत होते, त्याच्याजवळ उभी केलेली आमची गाडी दिसत होती. पाणी गुडघाभर. पृथ्वीराज म्हणून मुकुंदरावांच्या कचेरीतला एक जण विजार दुमडून पुढे झाला.

"थांबा!" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पाणी गढूळ झालंय. काटक्या वाहून येतायत बघा."

"अगं, बावीस वर्षं हाच ओढा ओलांडतोय मी," मुकुंदराव हसले. "इथं थेंबभर तरी पाऊस आहे का?"

रुक्मिणीबाईंचे माहेर श्रीपूरकडचे, ओढ्याकाठच्या वस्तीवरचे. एरवी त्या पेठेतल्यासारख्याच बोलत, पण जीव घाबरला की त्यांची भाषा माहेरी जाई.

"हितं न्हाय, वर डोंगरात पडला आसंल की! धा मिनटं थांबा. मग खुशाल जावा, मी न्हाय आडवणार."

त्यांनी मला कडेच्या वाळूत खोल रोवले, भाकरीच्या फडक्याची चिंधी फाडली आणि पाणी जिथे टेकत होते, बरोबर तिथे माझ्या अंगाला बांधली.

मुकुंदरावांचा चेहरा पडला. सगळ्यांदेखत आपल्याला अडवले, याचा त्यांना राग आला. तरी ते थांबले. मला मात्र कळत होते. पाणी माझ्या अंगावरून वर सरकत होते. चिंधी भिजली, मग बुडाली, मग वीतभर खाली गेली. तेवढ्यात वरच्या वळणावरून घरघर ऐकू आली. रुक्मिणीबाईंनी मला उपसून घेतले आणि सगळे मागे धावले. झाडाचे अख्खे खोड घेऊन तांबडा लोंढा आला आणि ओढ्यातून देवळाकडे जाणारी वाट त्याखाली दिसेनाशी झाली.

पृथ्वीराज दुमडलेली विजार खाली सोडू लागला. मुकुंदराव पत्नीकडे वळून म्हणाले, "रुक्मिणी, मी चुकलो गं."

"चुकला तर चुकला. भाकरी खावा आधी," त्या म्हणाल्या.

मग आम्ही आल्या वाटेने उलटे निघालो; ओढ्याची कड टाळून उंचावरच्या पायवाटेने देवळाशी जायचे ठरले. वेळ दुप्पट लागला, पण कोणी कुरकुर केली नाही. थोरल्या धबधब्यासमोर मुकुंदराव थबकले. "या बाजूनं मी हा कधी पाहिलाच नव्हता," ते हळूच म्हणाले. रुक्मिणीबाई हसल्या आणि त्यांनी मला मुकुंदरावांच्या हातात दिले.

आता दर श्रावणात दोघे मिळून फेरी काढतात. घडीची काठी चढावर कामी येते, पाण्याशी मला बोलावणे येते. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात काठी, छत्री, कंदील अशी एखादी जुनी वस्तू धूळ खात असेल. तिला पुसा, ऊन दाखवा, थेंबभर तेल द्या. आणि रानात पाण्याशी पोचलात आणि सोबतचे कोणी "थांबा" म्हणाले, तर त्यांना हसू नका. खाली बसा, भाकरीचे फडके सोडा, दहा मिनिटे पाण्याकडे बघा. त्या दहा मिनिटांमुळे आमचे सगळेच्या सगळे नऊ जण त्या दिवशी घरी पोचले.