वजा सहाशे

भांड्यांच्या टोपलीतून एक चमचा सरकून फरशीवर पडला आणि दुपारभर गप्प असलेलं घर दचकलं. लेक उठून बसली.

"बाबा आले?"

"नाही गं राणी. चमचा पडला."

दरड कोसळून दोन दिवस झाले होते. फोन बंद. तुटलेली वीज जोडायला पाच जणांचं पथक डोंगरावर गेलेलं, त्यात माझा नवरा. माझ्याकडे होता हातात मावेल एवढा रेडिओ आणि महिन्यापूर्वी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना. "घरात माझं ऐकत नाहीस, आता आभाळाचं ऐकणार होय?" असं चिडवून त्यानेच तो रेडिओ आणून दिला होता.

बरोबर चारला मास्तरांचा आवाज आला. हे निवृत्त तारमास्तर, आम्हा हौशी रेडिओवाल्यांचे म्होरके. "डोंगराखालच्या मदत छावणीतला आपला माणूस ऐकतोय. त्याची बॅटरी पाचेक मिनिटंच टिकेल. कोणाला काही विचारायचंय? ओव्हर."

मी बटण दाबून पथकाबद्दल विचारलं.

"कोणीच नाही?"

पुन्हा दाबलं. "अहो मास्तर, मी आहे!"

"बरं, मग छावणीला मोकळं करतो."

मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, माझं मात्र कोणालाच नाही. परवान्याच्या क्लासची वही उघडली. फ्रिक्वेन्सीच्या यादीत आकड्यापुढे पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: वजा सहाशे. आमचे आवाज झेलून पुढे पाठवणारा टेकडीवरचा रिपीटर ज्या आकड्यावर बोलतो, त्याच्या सहाशे किलोहर्ट्झ खाली ऐकतो. मी नुसता त्याच्या बोलण्याचा आकडा भरून बसले होते. त्याच्या तोंडाशी बोलत होते, कान राहिले बाजूलाच! सेटिंग बदललं.

"थांबा! थांबा!"

"अरेच्चा, नवा आवाज! ताई, ओरडू नका, बॅटरी त्यांची संपतेय, कान आमचे फुटतील. विचारा."

विचारलं. छावणीवाला खरखरीतून बोलला, "वीजवाल्यांतले चौघे सुखरूप उतरलेत. पाचवा मागे थांबला दोर सोडवायला, त्याचा अजून पत्ता ना—"

खरखर. मग तीही नाही.

"नाव सांगा! कोण थांबलंय मागे?"

"ताई," मास्तर हलकेच म्हणाले, "बॅटरी गेली त्यांची. दुसरी पोचायला सकाळ होईल."

माझा अंगठा बटणावरच राहिला. लेक मांडीवर चढली, रेडिओकडे बघत राहिली.

"आई, बाबा त्या चौघांतले ना?"