मागच्या सीटवरची चार चाकं

आश्लेषाला लायसन्स हवं होतं आणि त्र्यंबकला पिवळा दिवा नको होता. २००८च्या जानेवारीत पार्सिपनीतल्या त्या अपार्टमेंटमध्ये नवरा-बायकोचं भांडण काय ते एवढंच.

नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत येऊन तिला दोन वर्षं झाली होती. नोकरीची परवानगी नाही, आणि गाव असं की गाडीवाचून दूधसुद्धा आणता येत नाही. लायब्ररीत जायचं तरी त्र्यंबकच्या मीटिंगा संपायची वाट बघायची. पुण्यात स्कूटर उडवत फिरणारी बाई, तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. एका टेस्टमध्ये ती नापास झाली होती आणि दुसरी गुरुवारी होती.

दिव्याचं कारण साधं होतं. मैत्रीण दीपा प्लेनोला राहायला गेली, तिथे बर्फ कुठला, म्हणून बर्फात चालवायची चार चाकं यांना देऊन गेली. फुकट ते पौष्टिक, त्र्यंबकने ती लगेच चढवली. पण हवा कमी झाली की गाडीला रेडिओवरून कळवणारे सेन्सर त्या जुन्या चाकांत नव्हतेच. ते होते मूळच्या उन्हाळी चाकांत, आणि ती बाल्कनीत पडून होती. निरोप येईना म्हणून गाडीने डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावला तो लावलाच.

आश्लेषाने मॅन्युअल वाचून सांगितलं, की एप्रिलमध्ये उन्हाळी चाकं चढवली की दिवा आपोआप जाईल, तोवर गेजने हवा मोजू. पण ऐकतो कोण? त्र्यंबक कॉम्प्युटर सपोर्टमधला माणूस. स्क्रीनवर पिवळं दिसलं की हिरवं करायचं, कसं केलं ते कोणी विचारत नाही, यावर त्याला दोन प्रमोशनं मिळाली होती. दिवा बघून परीक्षक परत पाठवणार, हे त्याने ठरवूनच टाकलं. गुरुवारी सकाळी त्याने बाल्कनीतली चारही चाकं मागच्या सीटवर कोंबली आणि तीन सीटबेल्टांत आवळली.

सेन्सर गाडीत आले की निरोप पोचेल, हा त्याचा हिशेब; तरी दिवा जाईना. न फिरल्यामुळे सेन्सर झोपले होते. हवा एकदम कमी झाली की ते जागे होतात, असं त्याने इंटरनेटवर वाचलं होतं. मग काय, तो गाडी चालवतोय आणि आश्लेषा पुढच्या सीटवर उलटी वळून, केसांतली पिन एकेका चाकाच्या वॉल्व्हमध्ये दाबतेय. फुस्स झालं की दिवा जाई, पाच मिनिटांनी परत येई. टेस्टला निघालेल्या बायकोला हे काम देताना त्याला काही वाटलं नाही, याचा तिला खरा राग आला.

टेस्ट सेंटरवर त्र्यंबक उतरून फुटपाथवर थांबला. परीक्षक आश्लेषाशेजारी बसला, मागे वळून त्याने चाकांकडे बघितलं आणि पट्टा लावला. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला दिवा लागला. सकाळपासून इतकी हवा सोडली होती की आता सेन्सर जागे होते आणि खरं सांगत होते.

"कुठल्या टायरची हवा कमी आहे?" त्याने विचारलं.

"मागच्या सीटवरच्या," आश्लेषा म्हणाली.

तो पुन्हा मागे वळला. तिने गाडी कडेला घेतली आणि दीपापासून पिनेपर्यंत सगळं सांगितलं. मग गेज काढून, थंडीत उकिडवी बसून, खालच्या चारही चाकांची हवा त्याला मोजून दाखवली. आता गेलं लायसन्स, असं तिला वाटलं.

"माझ्या गाडीतही नोव्हेंबरपासून लागलाय," तो म्हणाला. "चला, पार्किंग करून दाखवा."

शिकाऊ परमिटवर पासचा शिक्का घेऊन ती परत आली, तेव्हा त्र्यंबकने आधी खिडकीतून दिवा बघितला.

"लागलाय," तो खचून म्हणाला.

"पास झाले. चाकं उतरव."

तिला हवा भरायची असेल, असं समजून त्याने चाकं फुटपाथवर रचली. ती स्टिअरिंगमागे बसली.

"तू थांब त्यांच्यापाशी. मी एक चक्कर मारून येते."

"कुठे?"

"बघते."

"अगं, पण दिवा?"

"असू दे," ती म्हणाली, आणि इंडिकेटर देऊन निघाली. शेजारची सीट रिकामी होती.